पावसूत अण्णांची फणी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीवाल्याने पावसूत अण्णांना फसवलं. अण्णांची लाकडी फणी त्याने नमुना म्हणून नेली, ती भट्टीत जळाली असं सांगितलं, आणि तिच्यावरून ओतलेली जी धातूची फणी दिली ती चुकीची आहे हे ठाऊक असताना दिली. त्या सौद्यात मध्यस्थ मी होतो. एवढं आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे अण्णांविषयी लिहिताना रागाने हात अडायचा नाही.

अण्णा मूळचे निपाणीचे सुतार. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा ते बेळगावात अनगोळला राहत होते, आणि मी खडेबाजारात जुन्या खाटा-कपाटांचं दुकान थाटून दोनेक वर्षं झाली होती. सदलग्याहून आलो तेव्हा माझ्याकडे एक हातगाडी होती आणि तोंड होतं. गाडी भाड्याची होती. जुनं कपाट उचलायचं, दुरुस्त करायचं, आणि नव्याच्या भावात विकायचं, हा माझा धंदा. दुरुस्तीसाठी कुणीतरी अण्णांचं नाव सांगितलं, आणि सावध केलं, "माणूस चांगला आहे, पण वेळ लावतो."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्याकडचे सुतार सुतात बोलतात: दोन सूत जाड, एक सूत कमी. अण्णा पावसुतात बोलायचे. मी नेलेलं पहिलंच कपाट त्यांनी उघडलं, मिटलं, दाराच्या फटीवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "पावसूत हलतंय." मला काहीच हलताना दिसत नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, गिऱ्हाइकाला कळणार न्हाय." ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला न्हाय कळणार. कपाटाला कळंल की." चार दिवस कपाट त्यांच्याकडेच राहिलं. तेव्हापासून मी त्यांना पावसूत म्हणायला लागलो, आधी रागाने, मग सवयीने. पुढे सगळा बाजार म्हणू लागला. त्यांनी मला सदलग्या हे नाव ठेवलं होतं, ते मात्र त्यांच्याशिवाय कुणी वापरलं नाही.

त्यांची खरी ख्याती डवटेलची. डवटेल म्हणजे दोन फळ्यांचा कोपऱ्यातला सांधा. एका फळीच्या काठाला पारव्याच्या शेपटीसारखी, टोकाशी रुंद होत जाणारी बोटं कापायची, दुसरीच्या काठाला तशाच खाचा. बोटं खाचांत बसली की खण समोरून कितीही ओढा, कोपरा सुटत नाही. खिळा लागत नाही, स्क्रू लागत नाही. निपाणीच्या तंबाखूवाल्यांना हाच सांधा हवा असायचा. त्यांच्या पेढीवर मालाचे नमुने ठेवायला छोट्या छोट्या खणांची कपाटं असतात. खिळ्याला तंबाखूचा ओलावा लागला की गंज धरतो, आणि गंजाचा डाग नमुन्यावर पडला की भाव पडतो. शिवाय या खणातला वास त्या खणात जाता कामा नये. अण्णा त्या पेढ्यांच्या सावलीतच वाढले होते, त्यांना हे सांगावं लागत नव्हतं.

खण तयार झाला की तपासायची त्यांची रीत होती. चिमूटभर तपकीर आत टाकायची, खण कपाटात सारायचा, आणि कोपऱ्याच्या सांध्याला नाक लावायचं. शिंक आली तर खण नापास. ही रीत मी दुकानात उचलली. गिऱ्हाईक समोर उभं करायचं, तपकीर आत टाकायची आणि म्हणायचं, "लावा नाक." एका तंबाखूवाल्याला तरीही शिंक आली. मी घाबरलो. अण्णा शांतपणे म्हणाले, "मालक, ती तुमच्याच मिशीतली हाय." तो माणूस हसला आणि सौदा झाला. वाटेत मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला विकता येतंय की." ते म्हणाले, "तू तोंडानं विकतोस रं सदलग्या. मी खरं बोललो."

आम्ही भांडायचो पुष्कळ. मला माल लवकर हवा असे आणि त्यांना तो बरोबर हवा असे. मी एकदा रागाने त्यांची मोगरी, म्हणजे लाकडी हातोडी, उचलून रस्त्यात भिरकावली होती. त्यांनी ती उचलून आणली नाही. तासभर हात बांधून बसले, शेवटी मीच आणून दिली. हातात घेऊन म्हणाले, "आता हिला विचार, कुठं लागलं का." एवढंच. त्यांना मोठ्याने बोललेलं मी कधी ऐकलं नाही, आणि त्यामुळे माझा आवाज आणखी चढायचा.

एकोणीसशे ऐंशी साल उलटून गेल्यावर केव्हातरी अण्णांनी मला रेघा मारायला बसवलं. "चष्मा घरी ऱ्हायला, तू रेघ मार," म्हणाले. मी मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चष्मा घरी. तिसऱ्या दिवशी मला चष्मा त्यांच्या खिशातून डोकावताना दिसला. मी रेघ मारली. मग त्यांना करवत धरताना पाहिलं. उजवा हात थरथरत होता. मोठ्याने नव्हे, झाडाचं पान वाऱ्याशिवाय हलावं तसा. लाकडावर करवत टेकवली की थरथर पात्यात उतरायची, आणि रेघेच्या अलीकडे-पलीकडे दाते नाचायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे वाढत जाईल, औषधाने लांबवता येईल. हे मला त्यांच्या बायकोने, आक्कांनी सांगितलं, अण्णा नळावर गेले असताना. "त्यांना म्हायती न्हाय की मला म्हायती हाय," म्हणाल्या. "तुम्हीबी गप ऱ्हावा."

मी गप्प राहिलो आणि गोव्याला गेलो. वास्कोच्या बंदरात जहाजावरच्या एका खलाशाकडे परदेशी राऊटर होता. राऊटर म्हणजे विजेवर चालणारं हातात धरायचं मशीन, तोंडाशी पातं वेगाने फिरतं आणि लाकडात खाच पाडतं. दोन दिवस मी त्या खलाशाच्या मागे होतो. मला भाषा येत नव्हती, त्यालाही माझी येत नव्हती, तरी घासाघीस मी जिंकलो. अण्णांपुढे मशीन ठेवलं. त्यांनी ते सुरू केलं, एका तुकड्यावर चालवलं आणि बंद केलं. "हे लाकूड कापत न्हाय," म्हणाले, "खातंय." मशीनही हातात धरायचंच असल्यामुळे थरथर तिथेही होतीच. खाच वेडीवाकडी आली. मी चडफडत घरी गेलो.

पंधरा दिवसांनी निरोप आला, ये. गेलो तर मशीन टेबलाच्या पोटात उलटं टांगलेलं, फक्त पातं वर भोकातून बाहेर आलेलं. टेबलावर एक सरकती चौकट. तिच्यात फळी उभी आवळून बसवायची. चौकटीच्या मागे शिसवाची एक लांब पट्टी, तिला कंगव्यासारखे दाते आणि दात्यांच्या मधे खाचा. चौकटीला एक पितळी खिट्टी होती. खिट्टी पहिल्या खाचेत पाडायची, चौकट पुढे ढकलायची, पातं एक बोट कापतं. खिट्टी उचलून पुढच्या खाचेत, दुसरं बोट. अण्णांनी मला ढकलायला लावलं. मी आयुष्यात पटाशी नीट धरलेली नाही, तरी डवटेल निघाला.

"खिट्टी पडली की हात थांबतोय," ते म्हणाले. त्यांच्या आजाराबद्दल माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि जवळजवळ शेवटचं.

त्या पट्ट्यांना ते फणी म्हणायचे. फण्या दोन होत्या. एक शेपट्या कापायची, दुसरी खाचा कापायची. दोन्हींचे दाते तंतोतंत जुळायला हवेत, नाहीतर पहिलं बोट बसेल आणि शेवटचं अडेल. अण्णांनी त्या दोन पट्ट्या एकत्र आवळून, एकाच करवतीने, एकाच वेळी कापल्या होत्या. मनगटाखाली वाळूची पिशवी ठेवून, सकाळी हात जरा स्थिर असतो तेवढ्याच वेळात, दिवसाला एक दाता. पंधरा दिवस त्यातच गेले होते. त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी पूजेत हत्यारांच्या मधोमध मशीन न ठेवता दोन फण्या ठेवल्या. मी म्हटलं, "मशीन गोव्यासनं मी आणलंय, त्याला हळदकुंकू न्हाय?" म्हणाले, "त्याला वीज हाय. ह्यांना कोण हाय?"

पुढची तीन-चार वर्षं अण्णांनी जे काम केलं, तसं त्यांच्या चांगल्या हातानेही केलं नव्हतं. खणावर खण, सगळे सारखे, आणि एकालाही शिंक नाही. थरथर वाढत होती. जेवताना ते भिंतीकडे तोंड करून बसायला लागले होते. पण टेबलापाशी उभे राहिले की खिट्टी खाचेत पडायची, आणि त्यांच्या हाताला काही झालंय हे लाकडाला कळत नव्हतं.

लाकूड मात्र लाकूडच. पितळी खिट्टी हजारदा पडून शिसवाच्या खाचा घासल्या. एके दिवशी अण्णांनी खण मिटला, नख फिरवलं आणि बाजूला ठेवला. "पावसूत," म्हणाले. विडीच्या बंडलाचा कागद फाडून त्यांनी एकेका खाचेत चिकटवला. आठवडाभर चाललं, मग कागद सुटायला लागला. तेवढ्यात निपाणीच्या एका मोठ्या वखारीचं काम माझ्याकडे चालून आलं, पेढीच्या तीन भिंती भरतील एवढ्या खणांची कपाटं. अण्णा म्हणाले, "फणी एवढं काढणार न्हाय. लोखंडाची पायजे."

मी उद्यमबागेत गेलो. त्या फौंड्रीवाल्याला साहेब म्हणायचे सगळे. गोरापान, बोलायला मऊ, टेबलावर काच. मी त्याला एक खण दाखवला. त्याने तो बराच वेळ उलटासुलटा केला आणि विचारलं, "हे कुणी हाताने कापलं?" मी फुशारकीत साचा कसा आहे ते सांगितलं. इथे मी चुकलो, ही माझी पहिली चूक. तो म्हणाला, "लोखंड जड होईल. अॅल्युमिनियमची ओतून देतो. मजुरी नको. एक तुमच्या मिस्त्रींना, एक मी ठेवीन, आमच्या पॅटर्नच्या कामाला उपयोगी पडेल." पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून ओतकामाचा साचा उठवतात तो लाकडी नमुना.

फुकट म्हटल्यावर मला शंका आली. धंद्यात फुकट काही नसतं एवढं मला कळत होतं. मी विचार केला, दोन्ही फण्या दिल्या तर हा अख्खा साचा गिळेल. एकच द्यावी. ती ओतून आली की दुसरी. अण्णांना सांगितलं, तर ते कचरत होते. "जोडी हाय ती, सदलग्या. एकत्र कापल्यात." मी म्हटलं, "अण्णा, हे तुमचं काम न्हाय. सौदा मला करू द्या." त्यांनी खाचांची फणी जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून दिली. मी स्वतःला फार हुशार समजत ती उद्यमबागेत पोचवली. ही माझी दुसरी चूक.

तीन आठवड्यांनी धातूची फणी आली. पांढरी, चकचकीत, दाते घासून गुळगुळीत केलेले. अण्णांनी कपाळाला लावली. टेबलावर बसवली, फळी आवळली आणि कापली. मग शेपट्यांची फणी बसवून दुसरी फळी कापली. दोन्ही फळ्या एकात एक घातल्या. पहिलं बोट बसलं. दुसरं बसलं. चौथ्यापाशी घट्ट झालं. मोगरीने हलके ठोकलं तर सातव्यापाशी फळी चिरली. अण्णांनी दुसरी जोडी कापली, तीही चिरली. त्यांनी दोन्ही फण्या शेजारी शेजारी ठेवल्या. एका टोकाला दाते जुळत होते, आणि फूटभर पुढे गेल्यावर सूतभर आणि वर थोडी तूट होती.

पावसुतासाठी चार दिवस कपाट अडवणारा माणूस तो. एक अख्खं सूत बघून त्यांनी काय करावं. आधी ते स्वतःवर गेले. "माझीच फणी चुकली आसंल," म्हणाले. ती चुकली नव्हती, कारण तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत त्याच जोडीने खण निघत होते. हे मी त्यांना ओरडून सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पुढचा सगळा दिवस ते मोजत राहिले, आणि मोजताना पट्टी हातात टिकेना.

मी उद्यमबागेत गेलो. बरोबर धातूची फणी आणि अण्णांची उरलेली शेपट्यांची फणी, दोन्ही घेऊन. साहेबाच्या काचेच्या टेबलावर ठेवल्या. म्हटलं, हे जुळत नाही, आमची लाकडाची परत द्या. त्याने बघितलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. "लाकडाची आता कुठली? साच्यातून काढताना तुटली, भट्टीत घातली," म्हणाला. मी म्हटलं, "मग दुसरी ओतून द्या, बरोबर मापाची." तो कारकुनाकडे वळून कन्नडमधून म्हणाला, "आमेले नोडोण." म्हणजे नंतर बघू. मला कन्नड येतं हे त्याला माहीत नसावं, किंवा माहीत असूनही फरक पडत नसावा. मग माझ्याकडे वळून मऊपणे म्हणाला, "अहो, तुमच्या मिस्त्रींचा हात हलतो म्हणतात. मोजायला चुकले असतील."

आक्कांनी गप्प राहायला सांगितलेली गोष्ट याच्यापर्यंत कुणी नेली, मला माहीत नाही. मी टेबलावरून अण्णांची शेपट्यांची फणी उचलली. ती मी त्या टेबलावर आपटली. काच फुटली नाही. फणीचे दोन दाते उडाले.

साहेबाने ते दोन्ही दाते जमिनीवरून उचलले, वर्तमानपत्राच्या कागदात बांधले आणि माझ्या हातात दिले. ही माझी तिसरी चूक, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

अनगोळपर्यंत मी चालत आलो. अण्णांपुढे पुडी उघडली. त्यांनी एक दाता उचलून जागेवर धरून पाहिला. बसेना, हात हलत होता. "सरसानं चिकटंल," म्हणाले. चिकटला, आणि खिट्टी पडल्याबरोबर पुन्हा सुटला. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. मला बोलले असते तर बरं झालं असतं.

मग अण्णा नवी जोडी कापायला बसले. मनगटाखाली वाळूची पिशवी आता पुरत नव्हती. त्यांनी आक्कांच्या लुगड्याची पट्टी घेऊन उजवं मनगट लाकूड आवळायच्या शिकंज्याला बांधलं. बांधलेला हात थांबला, पण मग करवतही चालेना. थोडं सैल केलं की थरथर परत. शिसवाच्या चार पट्ट्या त्यांनी वाया घालवल्या. पाचवीच्या वेळी आक्का चुलीपासून उठून आल्या, पदराला हात पुसले आणि त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "चालवा," म्हणाल्या. दोघं मिळून करवत चालवत होते. तीन दाते निघाले. अण्णांनी नख फिरवलं. त्यांनी ती पट्टी आक्कांच्याच हातात दिली. आक्कांनी विचारलं, "कमी हाय व्हय?" ते म्हणाले, "न्हाय, बरं हाय. जळणात घाल."

मी दुसऱ्या सुतारांकडे गेलो. एकाने जुन्या खणावरून फणी उतरवून दिली. तिच्या खणाला शिंका आल्या. दुसरा म्हणाला, खिळे मारू, कुणाला कळतंय. वर्कशॉपवाल्यांकडे गेलो, ते म्हणाले ड्रॉइंग आणा. ड्रॉइंग अण्णांच्या डोक्यात होतं. कागदावर पेन्सिल टेकवली की रेघेची साखळी व्हायची. मी अण्णांना म्हटलं, "काम सोडू, दुसरं बघू. मी हाय की." तेव्हा ते पहिल्यांदा चिडले. "तू हायस ते ठाव हाय. पण मी घरी बसलो तर लोक विचारतील, काय झालं मिस्त्री. मग हात दावायला लागंल."

वखारीला तारीख दिलेली होती. कपाटं शेवटी खिळ्यांनी झाली, दुसऱ्या सुताराच्या हातची. माल उतरवायला मी निपाणीला निघालो तेव्हा अण्णा टेम्पोत पुढे येऊन बसले. मी नको म्हटलं. ऐकलं नाही. पेढीत कपाटं लागली, मालक खूश होते. त्यांना फरक दिसत नव्हता. अण्णा एका खणापाशी उभे राहिले. तो ओढला, मिटला. कोपऱ्यावर खिळ्याचं डोकं होतं, त्यावर त्यांनी अंगठा ठेवला आणि तसाच दाबून धरला, जणू कुणाच्या नजरेला पडू नये. मालकाने विचारलं, "मिस्त्री, तपकीर टाकायची न्हाय का आज?" अण्णा म्हणाले, "नाकाला सर्दी झालीया."

त्यानंतर ते घराशेजारच्या कामाच्या शेडमध्ये आले नाहीत. उजवा हात सदऱ्याच्या खिशात घालून दारात बसायचे. मी गेलो की "बस रं" म्हणायचे, आणि बाजाराची विचारपूस करायचे. दोन वर्षांनी गेले. शेवटच्या आजारात त्यांचा हात आक्कांच्या हातात होता. तेव्हा तो हलत नव्हता, असं आक्का म्हणतात. मी तिथे नव्हतो. मी त्या दिवशी चिकोडीला एका खाटेची घासाघीस करत होतो.

दरम्यान साहेबाचं बरं चाललं होतं. फौंड्रीच्या बाजूला त्याने लाकडी फर्निचरचा विभाग काढला. निपाणीच्या पुढच्या पेढ्यांची कपाटं तिथून गेली, डवटेलच्या खणांची. अॅल्युमिनियमच्या फण्यांचा जोड त्याने सुतारांना विकायलाही काढला, टेबल आणि चौकटीसकट. जाहिरातीत लिहिलं होतं, आमच्या कारखान्यात विकसित केलेला. मी तो विकत घेऊन पाहिला. तपकीर टाकली. शिंक आली नाही.

अण्णा गेल्यानंतर वर्षभराने त्या फौंड्रीने जुने पॅटर्न विकायला काढले. पॅटर्न चांगल्या सागवानाचे असतात, मी ते लाकडासाठी घेतो. ढीग चाळताना लाल रंग दिलेली एक पट्टी हाताला लागली. सागवानापेक्षा जड. दाते होते. रंग खरवडला तर खाली शिसव, आणि दोन खाचांत विडीच्या बंडलाचा कागद अजून चिकटलेला. एकही दाता तुटलेला नव्हता. जळल्याची खूण कुठेही नव्हती.

तिथल्या पॅटर्नवाल्या मिस्त्रीला मी विचारलं, ही ओतली तेव्हा लहान का झाली. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "धातूचा रस गार होताना आकसतोय की ओ. फुटाला सूतभर आणि वर थोडं." त्याने भिंतीवरची फूटपट्टी काढून माझ्या फूटपट्टीशेजारी धरली. त्याची फूटपट्टी माझ्या फूटपट्टीपेक्षा लांब होती, मुद्दाम लांबवलेली, आकसण्याचा हिशेब धरून. "हे तर ह्या आवारात सगळ्यांना ठाव हाय," म्हणाला. "साहेबांनी पयली ओतून दिली, आणि मग ही लांब पट्टी लावून दोन नव्या करून घेतल्या माझ्याकडनं. दुसऱ्या फणीचं माप एका खणावरनं घेतलं. खण तुमच्याच दुकानातला हुता."

सुताराला हे माहीत असायचं कारण नाही, लाकूड गार होऊन आकसत नाही. मला माहीत असायला हवं होतं की काय, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. दोन्ही फण्या दिल्या असत्या तर दोन्ही सारख्याच आकसल्या असत्या, दाते एकमेकांना जुळले असते, आणि अण्णा शेवटपर्यंत टेबलापाशी उभे राहिले असते. माझ्या हुशारीने जोडी फुटली आणि माझ्या रागाने दाते फुटले. हे मी आक्कांसमोर बसून सांगितलं. लाल रंगाची फणी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला चहा दिला, आणि विचारलं, "मग त्या माणसानं जळली का म्हणून सांगितलं?"

ते उत्तर माझं नाही, साहेबाचं आहे. मी उद्यमबागेत चारदा गेलो. दोनदा साहेब बाहेरगावी होते, एकदा बैठकीत होते, आणि चौथ्यांदा भेटले तेव्हा म्हणाले, इतकं जुनं काही आठवत नाही.

तर साहेब, आता हे छापलेलं आहे, वाचून आठवेल. तुम्हाला आकसणं माहीत होतं, तरी ती फणी तुम्ही आमच्या हातात दिलीत आणि हलणाऱ्या हातावर बोट ठेवलंत. अख्खी फणी तुमच्या मांडणीवर होती. मी मागायला आलो तेव्हा ती काढून दिली असती, तर तुमचं काही जाणार नव्हतं. तुमचं काम तोपर्यंत झालंच होतं. मला काही सांगू नका, माझ्याशी भांडण होईल. अनगोळला आक्का दुपारी घरीच असतात, दार उघडं असतं. तिथे जा, खाली बसा, आणि त्यांनी विचारलंय त्याचं उत्तर द्या.